पाळीआधीचे चार दिवस आणि तार सप्तक

युरोपातल्या काही ऑपेरागृहांत एके काळी गायिकांना एक सवलत असे. पाळीच्या आधीचे काही दिवस आणि पाळीचा पहिला-दुसरा दिवस गाण्यातून सूट मागायची मुभा. ‘ग्रेस डेज’ म्हणत त्याला. त्यामागे कळवळ्यापेक्षा व्यवहार जास्त असावा. त्या दिवसांत ताणून गायलं आणि गळा दुखावला, तर पुढचा अख्खा हंगाम हातचा जातो. पुढे ही पद्धत बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली.

आपल्याकडे ‘कावळा शिवला’ की बाई चार दिवस बाजूला बसायची. देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, आणि काही घरांत तंबोऱ्यालाही हात लावायचा नाही. तो विटाळाचा हिशेब होता, आवाजाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पण आवाजाच्या बाजूने पाहिलं तर तो हिशेब चक्क चुकीच्या दिवसांवर पडतो. ज्या गायिकांना त्रास होतो, त्यांना तो मुख्यतः रक्तस्राव सुरू होण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत होतो, फार तर पहिल्या-दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. त्यानंतर गळा हळूहळू मोकळा व्हायला लागतो. म्हणजे सक्तीची सुट्टी मिळायची तेव्हा आवाज सुधारत असायचा, आणि खरोखर जपायचे दिवस रियाजात, कार्यक्रमात, परीक्षेत निघून जायचे. आजही बहुतेकजणी पाळीची तारीख बघतात आणि तिच्या आधीचा आठवडा विसरतात.

त्रास म्हणजे काय, हे गायिकांच्याच शब्दांत ऐकावं. ‘आवाज लागत नाहीये.’ ‘तार षड्ज (वरचा सा) हलका लावायला गेले की हवा येते.’ ‘तान जड जातेय, दाणा सुटा पडत नाही.’ ‘सारखं खाकरावंसं वाटतं, पण सुटत काहीच नाही.’ ‘अर्ध्या तासात गळा दमतो.’ सर्दी नसते, घसा लाल नसतो, ताप नसतो. डॉक्टरने टॉर्च मारून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आणि पाळीआधी चिडचिड होते हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे ते खपूनही जातं.

मनाचे खेळ नाहीत. आत काय होतं ते पाहू.

स्वरतंतू म्हणजे तंबोऱ्यासारख्या ताणलेल्या तारा नव्हेत. श्वासनलिकेच्या तोंडाशी समोरासमोर असलेल्या त्या दोन मऊ घड्या आहेत. बाईच्या गळ्यात त्यांची लांबी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. आत स्नायू, वर पातळ त्वचा, आणि या दोहोंच्या मध्ये जेलीसारखा एक मऊ थर. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश राइन्के यांच्या नावाने तो ओळखला जातो. १९७०च्या दशकात जपानच्या मिनोरू हिरानो यांनी दाखवून दिलं की गाण्याची खरी मदार या थरावर आहे. आतला स्नायू ताण धरून राहतो आणि वरची त्वचा या मऊ थरावरून लहरत जाते. वाटी हलवली की दुधावरची साय दुधावरून सरकते, तशी. ही लहर जितकी मोकळी, तितका आवाज स्वच्छ.

आणि ती किती वेळा उठते? काळी चारमधून, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या बाईने मध्य षड्ज लावला तर सेकंदाला सुमारे २०८ वेळा. तार षड्जाला ४१५ वेळा. तार पंचमाला ६२२ वेळा. एवढ्या वेळा दोन घड्या एकमेकींना भिडतात आणि सुटतात, तेही काठाकाठाने, नेमक्या.

इतक्या वेगाच्या हालचालीत काठावर किंचित सूज आली तरी किती फरक पडेल याचा अंदाज येतो. पाळीच्या आधी ज्या कारणाने अंगठी घट्ट होते, पोट फुगतं, छाती दुखते, त्याच कारणाने हा मऊ थरही पाणी धरतो. जड झालेली घडी सावकाश हलते, म्हणून सूर खाली ओढला जातो. तोच सूर गाठायचा तर ताण वाढवावा लागतो, दम जास्त लावावा लागतो, आणि म्हणून गळा लवकर दमतो.

सगळ्यात आधी दगा देतात ते वरचे हलके सूर. जोरात गायलं तर हवेचा दाब सूज रेटून नेतो आणि तार सप्तकही निभावतं. पण हळुवार गाताना फक्त घडीचा पातळ काठ हलायचा असतो. तोच सुजलेला असला की दोन्ही काठ नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, सूर उशिरा उमटतो किंवा उमटतच नाही. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाला मात्र फारसा धक्का लागत नाही. उलट काहीजणींचा खर्ज त्या दिवसांत जास्त भरदार लागतो.

या घड्या जिवंत माणसात नीट पाहून त्यांच्या कामाचं वर्णन ज्याने केलं, तो डॉक्टर नव्हता. मानुएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तराने १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पण आरशात लहर दिसत नाही, ती डोळ्याला पकडता येण्याइतकी सावकाश नसते. त्यासाठी आता स्ट्रोबोस्कोपी करतात. घड्यांच्या कंपनांच्या वेगापेक्षा किंचित कमी-जास्त वेगाने उघडमीट करणारा दिवा घशात सोडतात, त्यामुळे हालचाल संथ झाल्यासारखी दिसते. साध्या तपासणीत ‘नॉर्मल’ ठरलेला गळा या दिव्याखाली पुष्कळदा वेगळंच सांगतो.

आता संप्रेरकांकडे, म्हणजे हार्मोन्सकडे. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. तिथून इस्ट्रोजेन चढत जातं आणि बीज सुटण्याच्या सुमाराला शिगेला पोचतं. या काळात स्वरयंत्रातला ओलावा पातळ आणि भरपूर असतो, घड्या सहज घसरतात. अनेक गायिका सांगतात की महिन्यातले त्यांचे सगळ्यात ‘खुल्या’ आवाजाचे दिवस हेच. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. त्याच्या अमलाखाली ओलावा कमी होतो, उरतो तो घट्ट आणि चिकट. सारखं खाकरावंसं वाटतं ते त्यामुळे. (खाकरणं म्हणजे सुजलेल्या दोन घड्या एकमेकींवर आपटणं. घोटभर पाणी पिऊन गिळावं, ते बरं.) शेवटच्या दिवसांत ही दोन्ही संप्रेरकं एकदम उतरतात, अंगात पाणी साठलेलं असतं आणि घड्यांच्या पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

गळ्याचा आणि गर्भाशयाचा इतका संबंध कसा, असं वाटणं साहजिक आहे. फ्रान्सचे घसातज्ज्ञ जाँ अबितबोल यांनी १९८९ साली आवाजावर पोट असलेल्या ३८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्ट्रोबोस्कोपीने घड्या पाहिल्याच, शिवाय स्वरयंत्रातल्या आणि गर्भाशयमुखाच्या पेशींचे नमुने घेऊन ते शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडच्या पेशी महिन्याच्या चक्राबरोबर सारख्याच बदलताना दिसल्या. आजही या विषयावर बोलताना पहिलं नाव त्यांचंच निघतं. अर्थात सगळं मिटलेलं नाही. स्वरतंतूंत संप्रेरकं ओळखणारी केंद्रं आहेत असं काही संशोधक सांगतात, तर काहींना ती सापडलेली नाहीत. यंत्राने आवाज मोजणाऱ्या अभ्यासांतही एकवाक्यता नाही. काहींत फरक दिसतो, काहींत तो इतका बारीक असतो की ऐकणाऱ्याला कळू नये.

मला यात विरोध दिसत नाही. बोलण्याला लागणारा पल्ला लहान असतो, तिथे थोडी सूज खपून जाते. रेडिओवर बातम्या वाचणारीला काही जाणवणार नाही, तिथे ख्याल गाणारी अडेल. शिवाय कसलेली गायिका श्रोत्याला कळूच देत नाही. ती दम वाढवते, जागा बदलते, तान आखूड घेते. फरक आवाजात नाही तर मेहनतीत पडतो आणि आवाज मोजणाऱ्या यंत्रावर मेहनत दिसेलच असं नाही. हेही सांगायला हवं की कित्येकजणींना यातलं काहीच होत नाही. होत नसेल तर उगाच शोधत बसू नये.

जाता जाता एक गंमत. २००८ साली अमेरिकेत आल्बनीच्या विद्यापीठात नेथन पिपिटोन आणि गॉर्डन गॅलप यांनी स्त्रियांना महिन्याच्या चार वेगवेगळ्या टप्प्यांवर एक ते दहा आकडे म्हणायला लावले आणि ती ध्वनिमुद्रणं अनोळखी लोकांना ऐकवली. बीज सुटण्याच्या आसपासचे आवाज ऐकणाऱ्यांना जास्त आकर्षक वाटले. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांच्या आवाजात असा चढउतार आढळला नाही.

आता आपल्या गाण्याकडे. ऑपेरा गाणारीपुढे लिहिलेला सूर असतो. वाद्यवृंद त्या सुरात वाजणार, तिला तो गाठावाच लागणार. हिंदुस्थानी गायिकेचं तसं नाही, तिचा षड्ज तिच्या हातात असतो. काळी चार जड जात असेल तर त्या दिवशी पांढरी पाच घ्यावी, काळी पाचवाल्या बाईने पांढरी सहा. अर्धाच सूर उतरतो, पण तार गंधार-पंचमाशी चाललेली झटापट बरीच सैल होते. तंबोरा उतरवायला वेळ लागत नाही, पेटीवाल्याला नुसतं सांगायचं. अडतो तो तबला, कारण ऐन वेळी फार उतरवला तर नाद जातो. म्हणून तबलजीला आदल्या दिवशीच फोन करावा, तो दुसरा तबला घेऊन येईल. यात कमीपणा कसला? पण आपल्याकडे पट्टी उतरवणं म्हणजे आवाज गेल्याची कबुली, असा एक खुळा समज आहे.

दुसरी सोय रागाची. दरबारी आणि अडाणा यांचे सूर तेच, पण दरबारी मंद्रात रमतो आणि अडाण्याचा सगळा रंग तार सप्तकात. वेळही दोघांची रात्रीचीच. त्या दिवशी अडाण्याच्या नादी न लागता दरबारीला वेळ द्यावा. पुरिया आणि सोहनीचेही सूर तेच, वेळा मात्र वेगळ्या; पुरिया खाली वावरतो, सोहनी वर चढूनच बसते. बैठकीत हे स्वातंत्र्य असतं. नाट्यपदांच्या ठरलेल्या कार्यक्रमात किंवा ऑर्केस्ट्रात ते जवळपास नसतं, तिथे मूळ गाण्याच्या पट्टीचा आग्रह असतो. अशावेळी यादीतला पदांचा क्रम तरी आपल्या सोयीने लावून घ्यावा, वरची पदं गळा तापल्यावर, मधोमध.

रियाज बंद करायची गरज नाही, त्याची तऱ्हा बदलावी. खर्ज आणि मंद्र साधना, मिटल्या ओठांनी ‘म’, आणि तानपलटे सावकाश. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर लावायचा प्रकार जगभरचे आवाजतज्ज्ञ शिकवतात, कारण त्यात घड्यांवर कमी मार पडतो. हास्यास्पद दिसतं, पण गळा लवकर तापतो.

आता रक्तवाहिन्यांकडे परत. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली जपण्यासारखी एकच गोष्ट ही आहे. थोडा जड आवाज चार दिवसांत आपला आपण सुधारतो. पण फुगलेल्या वाहिन्या, सूज रेटून नेण्यासाठी लावलेला जोर आणि त्यात पाळीच्या दुखण्यावरची गोळी हे तीन एकत्र आले, तर घडीवरची बारीक वाहिनी फुटू शकते आणि त्वचेखाली रक्त साकळतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि आपल्याकडे पाळीसाठी सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड, ही सगळी रक्त गोठवणाऱ्या पेशींचं काम कमी-अधिक रोखतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या जोडीने पुष्कळ गोळ्यांत डायसायक्लोमिन असतं, ते पोटातली कळ थांबवतं पण तोंड आणि घसा कोरडा पाडतं. एरवी या गोळ्यांत वावगं काही नाही. पण संध्याकाळी तीन तास गायचं असेल, तर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी यांवर भागतं का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. कार्यक्रमाच्या दिवशी मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेऊन वेळ मारून नेऊ नये.

वाहिनी फुटली तर कळतं कसं? गाता गाता, एखाद्या जोरकस जागेवर किंवा मोठ्या खोकल्यानंतर, आवाज अचानक जातो किंवा घोगरा होतो. दुखतंच असं नाही. त्या क्षणी थांबावं. भैरवी राहिली तर राहिली. कुजबुजणंसुद्धा बंद, आणि दुसऱ्या दिवशी घसातज्ज्ञाकडे. वेळेवर पूर्ण मौन पाळलं तर रक्त बहुधा विरून जातं. त्यावरच गात राहिलं तर व्रण राहू शकतो, आणि व्रण राहिला की लहर तिथे अडते, ती कायमचीच.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही बोलू. गणपती, गौरी, घरातलं लग्न आणि त्याच आठवड्यात कार्यक्रम, म्हणून त्या घेतल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. अंगात पाणी साठणं, फुगल्यासारखं वाटणं हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत. पूजा निभावेल, पण तार सप्तक मोकळं राहील याची हमी नाही.

रोजच्या गर्भनिरोधक गोळीची गोष्ट वेगळी. जुन्या काळच्या काही गोळ्यांनी आवाज जाड होतो अशी गायिकांत धास्ती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण त्यांतल्या काहींचा गुण पुरुषी संप्रेरकांकडे झुकणारा होता. पोर्तुगालच्या फिलिपा ला, स्वतः गायिका आणि संशोधक, यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसोबत २००७ साली ड्रोस्पिरेनोन असलेल्या नव्या गोळीचा पाश्चात्त्य शास्त्रीय गायिकांवर अभ्यास केला. गोळी चालू असताना स्वरतंतूंची कंपनं उलट जास्त नियमित आढळली. अभ्यास लहान होता आणि एकाच जातीच्या गोळीचा होता, तेव्हा त्यावरून सगळ्यांनी गोळ्या सुरू कराव्यात असं नाही.

डॅनाझॉल मात्र नाव पाठ करून ठेवण्याजोगं. एंडोमेट्रिऑसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) आणि इतरही काही दुखण्यांत ते औषध दिलं जातं. त्याचा स्वभाव पुरुषी संप्रेरकांचा आहे, त्याने बाईचा आवाज खाली उतरू शकतो आणि औषध बंद केल्यावर तो परत वर येईलच असं नाही. शरीर कमावण्याच्या स्टेरॉइडचंही तेच. डॉक्टर आजार पाहतो, आपण गातो हे त्याला कपाळावर लिहिलेलं दिसत नाही. ते आपणच सांगायचं, औषध लिहून होण्याआधी.

पाळीच्या दिवसांत ‘दम पुरत नाही’ ही तक्रार असेल, तर गळ्याआधी हिमोग्लोबिन पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. भरपूर रक्तस्राव होणारी मुलगी ताना घेताना धापा टाकत असेल, तर तिला आणखी पलटे देऊन उपयोग नाही, तिला लोह हवं. गुरूंना हे विचारायला अवघड वाटतं, विशेषतः पुरुष गुरूंना. त्यांनी निदान ‘आज आवाज जड आहे’ एवढं शिष्येने म्हटलं की कारण खोदू नये आणि तार सप्तकाचा हट्ट धरू नये. अकरा ते चौदा वयाच्या मुलींबाबत तर अधिकच. मुलग्यांचा आवाज फुटतो हे सगळे धरून चालतात. मुलींचाही थोडा उतरतो आणि काही काळ हवेशीर, अस्थिर होतो. ती आळशी झाली असा अर्थ त्यातून काढला जातो.

ज्या गायिकेला आपलं चक्र समजून घ्यायचं आहे तिने मागून मोजावं. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत साधारण दोन आठवड्यांचा, बऱ्यापैकी ठरलेला असतो. कमी-जास्त होतो तो आधीचा भाग. म्हणून ‘बाराव्या दिवशी आवाज चांगला’ असले ठोकताळे दुसरीला लागू पडत नाहीत, पण येणाऱ्या पाळीच्या आधीचे पाच दिवस स्वतःपुरते लागू पडतात. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना तारखेवर भिस्त ठेवता येत नाही, त्यांनी गळ्यालाच विचारावं.

ते असं. रॉबर्ट बास्टियन या अमेरिकी घसातज्ज्ञांनी गायकांसाठी एक साधी चाचणी रूढ केली. वाढदिवसाच्या गाण्याची पहिली ओळ खूप वरच्या पट्टीत, अगदी हलक्या आवाजात गाऊन बघायची. आपण रोज सकाळी ‘आ’कारात तार सा-रे-ग-म घेऊ शकतो, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. सूर कुठे उशिरा उमटतो, कुठे नुसती हवा येते, ते कागदावर टिपायचं. जोर लावून सूर काढायचा नाही, नाहीतर चाचणी खोटी पडते. दोन-तीन महिन्यांत आपला स्वतःचा नकाशा हातात येतो आणि पुढची ध्वनिमुद्रणाची तारीख देताना त्याचा उपयोग होतो.

आणि पाळी येऊन आठवडा उलटला तरी ते हलके सूर परतले नाहीत, तर खापर चक्रावर फोडू नये. गाठी, पित्त, थायरॉइड, काहीही असू शकतं. घसातज्ज्ञाकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी मागून घ्यावी आणि शेवटच्या पाळीची तारीख, त्यांनी विचारली नाही तरी, सांगावी.